तळटीप : ‘तीन रेषांची खूण’

‘तीन रेषांची खूण’ : लेखकाच्या डोळ्यांपुढे इथे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सचा आलेख आहे. येवगेनी झावोइस्की यांनी १९४४ साली कझानमध्ये शोधलेले हे तंत्र एकट्या, जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनलाच ओळखते. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत असा एक इलेक्ट्रॉन असतो; म्हणून तो हीममधल्या फेरस लोहाला चिकटला की आलेखात ठसा उमटतो. ऑक्सिजन किंवा कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हीम या तंत्राला दिसतच नाही. लोहाला पलीकडून प्रथिनातले हिस्टिडीन धरून असेल, तर दोन नायट्रोजनांमुळे नऊ बारीक रेषा दिसू शकतात. तो बंध तुटला की उरतात तीन ठळक रेषा, एकमेकींपासून सुमारे १६-१७ गाउसवर. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नायट्रोजन-१५ घातला तर तिन्हींच्या दोन होतात. रेषा कोणाच्या, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. वाचकाने हा तपशील ओलांडून जाऊ नये, कारण रक्तवाहिन्या सैलावण्याचा संदेश पुढे नेणाऱ्या ग्वानिलेट सायक्लेज या विकरात नायट्रिक ऑक्साइड चिकटल्यावर हाच हिस्टिडीनचा बंध तुटतो. — संपादक