निम्म्या घराला टोचणी

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव मराठी माणसाला परकं नाही. सर्पदंशावरची लस, पोलिओचे डोस यांमुळे ते घरोघरी पोहोचलेलं आहे. पण ज्यांच्या नावानं ही संस्था उभी आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस माणसांवर कशी पारखली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आज तो मी आपल्यासमोर मांडणार आहे. नव्या औषधाची पहिली परीक्षा कुणाच्या शरीरावर व्हावी, त्या माणसाला विचारलं जावं का, आणि गरिबानं दिलेला होकार खरोखर होकार असतो का, हे आजचे प्रश्न त्या इतिहासात जसेच्या तसे सापडतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण ओळखले. आपले जुने लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. घरात उंदीर मरून पडला की माणसं घर सोडून रानात झोपड्या घालत, ही आठवण अनेक घराण्यांत अजून सांगितली जाते. सरकार घाबरलं ते दोन कारणांनी. माणसं मरत होती हे एक, आणि मुंबईचा व्यापार बंद पडेल हे दुसरं. रोग्याला जबरदस्तीनं इस्पितळात नेणं, घरच्यांना वेगळं काढणं, सामान जाळणं असे उपाय सुरू झाले. लोकांना रोगापेक्षा इस्पितळाची धास्ती जास्त वाटू लागली. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या अंगातून तेल काढतात, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

या वातावरणात हाफकिन मुंबईत आले. १८६० साली ओडेसा इथे जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून, पटकीची लस घेऊन, १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा, एवढ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेनं मारले आणि लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, पण ते बरे झाले. जो धोका दुसऱ्याला घ्यायला सांगायचा तो आधी आपण घ्यायचा, हा त्या काळच्या शास्त्रज्ञांचा एक अलिखित धर्म होता आणि हाफकिन यांनी तो पाळला.

पण एका माणसाला टोचून लस सुरक्षित आहे एवढंच कळतं. ती रोग रोखते का, हे कळायला रोगाच्या तोंडाशी असलेली बरीच माणसं लागतात. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला सुमारे दीडशे कैद्यांनी टोचून घेतलं आणि बाकीचे तसेच राहिले. ज्यांच्यात त्याच दिवशी रोगाची लक्षणं दिसली त्यांना हिशोबातून वगळलं गेलं. त्यानंतर न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि एकही मेला नाही.

हे कैदी स्वेच्छेनं पुढे आले, असं नोंदलेलं आहे. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगतो तेव्हा इथे थांबतो आणि विचारतो, तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा म्हणजे काय? दार बाहेरून बंद आहे, शेजारच्या कोठडीत माणसं मरताहेत, आणि विचारणारा साहेब आहे. हाफकिन यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्या कैद्यांना लसीचा फायदाच झाला. तरीही पळून जाण्याची वाट ज्याला नाही, त्याचा होकार बाहेरच्या माणसाच्या होकारापेक्षा वेगळ्या तराजूत तोलायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुरुंगाच्या बाहेरही फार वेगळं नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सोजीर घरांत शिरले, २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. प्लेगच्या छावणीत स्त्रियांना कसं वागवलं जातं याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात लिहिलं, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. आणि सक्तीशिवायही सेवा होऊ शकते हे पुण्यात सावित्रीबाई फुले दाखवत होत्या. रुग्णांना मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवता पोचवता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

अशा काळात टोचणीचा दाखला निघाला. तो जवळ असला की विलगीकरणातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळे. टोचून घेण्याची सक्ती नव्हती, पण न घेतलं तर छावणी होती. असा दाखला घेणाऱ्या माणसानं लसीवर विश्वास ठेवला की छावणीची भीती बाळगली, हे कोण सांगणार? तिसरे आगाखान यांनी मात्र विश्वास मिळवण्याचा दुसरा मार्ग धरला. त्यांनी आपल्या लोकांदेखत स्वतः टोचून घेतलं, आणि खोजा समाजातले हजारो लोक आपण होऊन पुढे आले.

आता मी त्या प्रयोगाकडे येतो, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. बडोदे संस्थानात, शहरापासून काही मैलांवर उंढेरा नावाचं गाव आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग आधीच शिरलेला होता. हाफकिन यांचं पथक गावात गेलं. गावकऱ्यांना कुटुंबवार उभं केलं गेलं आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं गेलं. दोन्ही बाजूंना बायका, मुलं, अशक्त माणसं शक्य तितकी सारखी येतील अशी काळजी घेतली गेली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाणारी, एकाच उंदराच्या पिसवांना सामोरी जाणारी माणसं, आणि फरक फक्त टोचणीचा. शास्त्र म्हणून यापेक्षा स्वच्छ तुलना त्या काळी कुणाला सुचली नसती.

पुढच्या काही आठवड्यांत अठ्ठावीस घरांत प्लेग झाला. त्या घरांत टोचलेले एकाहत्तर जण होते. त्यांतल्या आठ जणांना रोग झाला आणि तिघे मेले. न टोचलेले चौसष्ट होते. त्यांतल्या सत्तावीस जणांना रोग झाला आणि सव्वीस मेले.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा लसीचं कौतुक वाटलं. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा त्या सव्वीस जणांचा विचार आला. रांगेत उभं असताना भाऊ एकीकडे गेला आणि बहीण दुसरीकडे. कुणाला कुठे उभं करायचं हे त्या घरानं ठरवलं नव्हतं.

इथे शास्त्रज्ञाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. औषध उपयोगी आहे की नाही हे खरोखर माहीत नसेल, तर निम्म्यांना देणं आणि निम्म्यांना न देणं यात अन्याय नाही. कुणाचं भलं होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. भायखळ्यात पहिल्यांदा तसंच होतं. पण उंढेऱ्यापर्यंत भायखळ्याचा निकाल हाती होता आणि १८९८ च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगातही तसाच अनुभव आला होता. हाफकिन यांची स्वतःची खात्री पटलेली होती. खात्री पटायची होती ती सरकारची आणि शंका घेणाऱ्या इतर डॉक्टरांची. म्हणजे इतरांची शंका फेडण्याचा खर्च उंढेऱ्याच्या न टोचलेल्या माणसांनी दिला. त्या पुराव्यावर पुढे लाखो लोकांना लस मिळाली आणि असंख्य जीव वाचले, हेही तितकंच खरं. या दोन सत्यांपैकी एक दुसऱ्याला खोडून काढत नाही. अडचण नेमकी तीच आहे.

दुसरा धडा मुलकोवालचा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात एकशे सात जणांना टोचलं गेलं. एकाच बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वातानं मेले. जंतू प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले, असा ठपका चौकशीत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे उजेडात आलं की बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून आवाज उठवला तेव्हा हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. या वादात बाटली, चिमटा आणि एका शास्त्रज्ञाची अब्रू यांवर भरपूर लिहिलं गेलं. पण ज्या घरांतली माणसं गेली त्यांच्याप्रति सरकारचं काय कर्तव्य होतं, हा प्रश्न कडेलाच राहिला.

हे सगळं पारतंत्र्यातलं, आता तसं नाही, असं वाटू शकतं. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेनं आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं संमतीचं तत्त्व जगानं मान्य केलं. तरी प्रश्न परत परत येतो, आणि बहुधा गरीब देशांतच येतो. १९९४ मध्ये एका औषधामुळे आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशानं कमी होतो असं सिद्ध झालं. त्यानंतरही आफ्रिका आणि थायलंडमधल्या चाचण्यांत काही गरोदर स्त्रियांना निव्वळ पोकळ गोळ्या दिल्या गेल्या. पीटर ल्यूरी आणि सिडनी वुल्फ यांनी १९९७ मध्ये याला जाहीर आक्षेप घेतला. चाचणी करणाऱ्यांचं उत्तर असं, की ते महागडं औषध या देशांना परवडणारच नव्हतं, म्हणून स्वस्त, कमी मुदतीचा उपचार शोधायचा होता. १९९८ मध्ये तो सापडलाही. मला यात उंढेऱ्याचीच रांग दिसते.

आणि योगायोग पाहा. २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा एक प्रकल्प आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात झाला. वडोदरा म्हणजे आपलं जुनं बडोदं. खम्मममध्ये अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं. लस चांगली आहे, जगभर दिली जाते. म्हणूनच हा प्रसंग महत्त्वाचा. लस चांगली असली म्हणून न विचारता देणं चांगलं ठरत नाही. उलट अशा घाईनं चांगल्या लसीवरचाही विश्वास उडतो आणि त्याचं नुकसान त्याच मुलींना होतं.

करोनाच्या साथीत १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली ती दोन डोस घेतलेल्यांनाच. टोचणीचा जुना दाखला मोबाइलवर आला, एवढंच. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी बंधनं घालता येतील, पण ती प्रमाणात हवीत. ब्याऐंशी वर्षांची आजी घरात असताना लस न घेता गर्दीत फिरणाऱ्याचं स्वातंत्र्य किती मानायचं, हाही प्रश्न आहेच. मी स्वतः लस घेतली आणि इतरांनाही घ्यायला सांगितलं. पण सांगणं आणि रेटणं यातलं अंतर राखायला हवं.

म्हणून आपल्यासमोर कुणी कागद ठेवून सही मागितली, तर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. यात काय होणार ते माझ्या भाषेत सांगाल का? मी नाही म्हटलं तर माझं काय बिघडेल? आणि काही वाईट झालं तर जबाबदारी कुणाची? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उंढेऱ्याच्या रांगेत हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे, आणि ती वापरली नाही तर हळूहळू नाहीशी होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)