सह्याद्रीतील वृक्षमंडूक : एका वंशनामाचा इतिहास

सातपूरहून त्र्यंबकच्या वाटेने पश्चिमेस गेले म्हणजे अंजनेरीचा डोंगर लागतो आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेचे सान्निध्य जाणवू लागते. या पर्वतराजीच्या पावसाळी झुडपांत राहणाऱ्या लहानशा मंडूकांच्या नावांचा इतिहास मोठा गुंतागुंतीचा आहे.

1838 मध्ये चुडीने अशा मंडूकांच्या वंशास ‘ऑर्केस्टेस’, म्हणजे नर्तक, हे नाव दिले. परंतु ते भुंगेऱ्यांच्या एका वंशास आधीच मिळालेले होते. 1841 मधील ‘इक्झालस’ हे नावही एका सस्तन प्राण्याने अगोदरच अडविलेले निघाले. अखेर 1848 मध्ये गिस्टेलने ‘फिलॉटस’ हे नाव सुचविले. तरीही जुन्या नावाची सवय सुटली नाही. 1919 मध्ये अ‍ॅनंडेलने कॅसल रॉक येथील मंडूकास ‘इक्झालस बॉम्बेएन्सिस’ म्हटले. हे स्थळ मुंबई शहरापासून दूर, आज कर्नाटकात आहे. नावातील मुंबई ती इलाख्याची होय!

फिलॉटसची आधारभूत जाती जावा बेटावरची. अंड्यातून भैरोळी बाहेर न पडता थेट छोटा बेडूकच निघतो, या लक्षणामुळे भारतीय मंडूकही त्याच वंशात गणले गेले. बंगलोरच्या सी. आर. नारायण राव यांनी 1937 मध्ये दक्षिणेतील अनेक जाती याच वंशनामाखाली वर्णिल्या. दुर्दैवाने त्यांचे मूळ नमुने पुढे गहाळ झाले. मूळ नमुन्याविना जातीचे नाव म्हणजे मालकाविना खातेउतारा. वर्णनातील चार ओळींवरून जंगलातील नेमका मंडूक ओळखणे हे काम सोपे नव्हे.

बाह्य साम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे, हे जनुकीय अभ्यासाने उघड केले. 2010 मध्ये बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय शाखेसाठी ‘राओर्केस्टेस’ हा वंश स्थापिला. त्यात रावांचे नाव आणि चुडीचे बाद झालेले नाव एकत्र आले. शोधनिबंधही रावांनीच 1932 मध्ये स्थापिलेल्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र सगळेच मंडूक या नव्या घरात गेले नाहीत. आंबोलीचा मंडूक 2009 मध्ये फिलॉटस म्हणून वर्णिला गेला आणि लवकरच मुख्यत्वे श्रीलंकेत पसरलेल्या ‘स्यूडोफिलॉटस’ वंशात दाखल झाला. कॅसल रॉकचा मंडूक मात्र आता ‘राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस’ आहे.