दोन पेट्यांतील चित्रें

आपण वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतां घरांतील एखादें पोर रंगविलेला कागद घेऊन धांवत येतें, आणि आपण चष्मा सांवरीत विचारतों, "हा घोडा कीं शेळी?" पाठोपाठ "याच्या हातांत कांहीं कला दिसत नाहीं बुवा," असा निकालही देऊन टाकतों. असे निकाल मींही पुष्कळ दिले आहेत. मुलाची कृति म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका, आणि तींत भावी चित्रकार अगर कवि दिसला तरच तिला उत्तेजन द्यावयाचें, असा आपला समज असतो. तो कितपत खरा, हें इतिहासांतील एका प्रसंगावरून पडताळून पाहण्यासारखें आहे.

बोहेमियांतील लाइटमेरिट्झ या गांवीं १८६५ सालीं फ्रांझ चिझेक याचा जन्म झाला. शाळेंतील चित्रकला म्हणजे नमुना समोर ठेवून त्याची बिनचूक नक्कल करणें, असा तो काळ होता. चिझेकनें १८९७ सालीं व्हिएन्ना येथें मुलांसाठीं चित्रकलेचा वर्ग उघडला. मुलाची रेघ ही मोठ्या माणसाच्या रेघेची बिघडलेली आवृत्ति नव्हे, तिला स्वतःचे नियम आहेत, हें त्याचें मुख्य प्रतिपादन होय. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या विद्यार्थ्यांचीं चित्रें इंग्लंडांत दाखविण्यांत आलीं व तेथील शिक्षकांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. १९३८ सालीं ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यांत गेला आणि त्याच वर्षीं हा वर्ग बंद पडला.

या चिझेकच्या हाताखालीं शिकलेल्यांत फ्रीडल डिकर नांवाची एक ज्यू तरुणी होती. पुढें वायमार येथील बाउहाउस या सुप्रसिद्ध कलाशाळेंत तिचें शिक्षण झालें. १९३४ सालीं ती प्राग येथें आली आणि तेथें निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवूं लागली. विवाहानंतर ती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस झाली. डिसेंबर १९४२ मध्यें नाझींनीं या पतिपत्नींची रवानगी टेरेझीन येथें केली. अठराव्या शतकांतील या किल्लेवजा गांवाचा तेव्हां ज्यूंना कोंडण्यासाठीं उपयोग होत होता. दैवयोग असा, कीं तें चिझेकच्या जन्मगांवापासून अगदीं जवळ आहे.

बरोबर न्यावयाच्या सामानाच्या वजनास मर्यादा होती. तींतही फ्रीडलबाईंनीं चित्रकलेचें साहित्य नेलें. टेरेझीनमध्यें मुलांसाठीं नियमित शाळा चालविण्यास बंदी होती. तरीही बाईंनीं मुलांच्या खोल्यांतून चित्रकलेचे धडे चालू केले. कागद संपले तेव्हां कचेरीचे जुने छापील तक्ते आणि वेष्टनाचे तुकडे उपयोगांत आणले. सर्वच मुलांना चित्रकार करण्यासाठीं हे धडे नाहींत, मुलांची निर्माणशक्ति व स्वतंत्र बुद्धि मोकळी व्हावी म्हणून ते आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

येथें कोणी म्हणेल, ज्याच्या अंगीं गुण नाहीं त्याची वाहवा करणें म्हणजे त्याची फसवणूकच नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु उत्तेजन आणि खोटी स्तुति या दोन भिन्न गोष्टी होत. बाई मुलांकडून लयीचे अभ्यास करून घेत व थोर चित्रकारांच्या कृतींवरून कागदांच्या तुकड्यांचीं चित्रें करावयास लावीत. म्हणजे मेहनतीस तेथें सूट नव्हती. शिवाय प्रत्येकानें आपल्या चित्रावर आपलें नांव लिहावें, असा त्यांचा आग्रह असे. जेथें माणसाला नुसता क्रमांक उरला होता, तेथें या आग्रहाचें मोल काय असेल, हें वाचकांस सांगावयास नको.

ऑक्टोबर १९४४ मध्यें बाईंना आउश्विट्झला नेण्यांत आलें, आणि तेथें त्यांची हत्या झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांचाही असाच अंत झाला. मागें राहिल्या त्या दोन पेट्या. त्यांत मुलांचीं सुमारें साडेचार हजार चित्रें होतीं. युद्ध संपल्यावर तीं प्रागला पोंचलीं व आज तेथील ज्यू संग्रहालयांत आहेत. त्यांत फुलें आहेत, घरें आहेत, आणि जेवणाचें टेबलही आहे. कांहीं रेखीव आहेत, तर पुष्कळशीं अगदीं साधीं.

या मुलांत उद्यांचा मोठा चित्रकार कोण, हा प्रश्न आतां निरर्थक आहे. कारण त्यांतील बहुतेकांस उद्यांचा दिवस लाभलाच नाहीं. तरीही त्या धड्यांतील एकही घटका वायां गेली असें कोण म्हणूं धजेल? मुलाच्या कृतीचें मोल त्याच्या भावी कीर्तींतून व्याजासह वसूल करावयाचें नसतें; तें त्या घटकेंतच पुरतें मिळून गेलेलें असतें. आपल्या घरांतील पोरांपुढें सुदैवानें मोठें आयुष्य आहे. म्हणून यापुढें कागद घेऊन कोणी धांवत आलें, तर घोडा कीं शेळी हें विचारण्यापूर्वीं वर्तमानपत्र बाजूस ठेवावें, आणि कागदाच्या कोपऱ्यांत त्याला त्याचें नांव लिहावयास सांगावें.