कोष्टकाची संहिता

कर्बोदके मोजून जेवणारे आपण कोष्टकातील आकड्याला श्रुतिवचन मानतो. वस्तुतः कोष्टक ही पाठ तपासत सिद्ध झालेली संहिता आहे. इन्शुलिन आल्यावर मात्रा ठरवण्यासाठी मधुमेह्यांच्या अन्नाचा नेमका हिशेब हवा होता. १९२० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात डॉ. लॉरेन्स यांच्या सांगण्यावरून रॉबर्ट मॅकॅन्स यांनी कच्च्या व शिजवलेल्या फळाभाज्यांतील कर्बोदके मोजली. १९३३ मध्ये तेथील स्वयंपाकघरात भेटलेल्या एल्सी विडोसन यांनी फळांतील साखरेचे त्यांचे आकडे कमी भरल्याचे दाखवले. मॅकॅन्स यांनी फेरमोजणी त्यांच्याकडेच सोपवली; १९४० मध्ये दोघांचा अन्नघटकांचा कोश निघाला. शिजताना तांदूळ पाणी पितो. कच्च्या तांदळाचा आकडा भाताच्या वजनाला लावणे हा पाठदोषच होय.