पद आणि नाव

इंग्रजीत विशेषनामाचा आरंभ मोठ्या अक्षराने होतो आणि सामान्यनामाचा लहान अक्षराने. हा नियम आज अढळ वाटत असला, तरी तो फार जुना नव्हे. अठराव्या शतकात साध्या सामान्यनामांनाही मोठे अक्षर देण्याचा प्रघात होता. १७८७ साली सिद्ध झालेल्या अमेरिकन संविधानाच्या मूळ प्रतीत तो आढळतो. जर्मन भाषेत तर प्रत्येक नाम आजही मोठ्या अक्षरानेच सुरू होते.

देवनागरीत आणि मोडीत अक्षरांचा असा लहानमोठा भेद नाही. मराठीचे त्यावाचून फारसे अडले नाही, कारण पुष्कळदा ते काम शब्दाचे सामान्यरूपच करते. ‘हिऱ्याचे तेज’ म्हटले की रत्न समजावे आणि ‘हिराचे घर’ म्हटले की त्या नावाची स्त्री. मोठे अक्षर केवळ डोळ्यांना दिसते. ही खूण कानांनाही ऐकू येते.

ऐतिहासिक कागदपत्रांत मात्र ही खूण पुरत नाही. मराठेशाहीत अधिकारपदे वंशपरंपरेने चालू लागली आणि पदाचे सामान्यनाम हळूहळू घराण्याचे विशेषनाम होऊन बसले. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास, प्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पुढे भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंत अमात्य ही घराणी या संस्कृत पदनामांनीच ओळखली गेली. फारसी नावेही लोपली नाहीत. मुजुमदार, डबीर, वाकनीस, सरनोबत ही आडनावे आजही प्रचारात आहेत.

या घडामोडीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नाना फडणीस. ‘नाना’ हे वडीलधाऱ्याला आदराने हाक मारण्याचे संबोधन. फडणीस हा पेशव्यांच्या हिशेबी दप्तराचा अधिकारी. म्हणजे ज्या दोन शब्दांनी हा पुरुष इतिहासात अमर झाला, ते दोन्ही मुळात सामान्यनामे! त्यांचे स्वतःचे नाव बाळाजी जनार्दन आणि कुलनाम भानू. तीच गोष्ट त्यांच्या धन्याची. पेशवे हे पद. घराणे श्रीवर्धनच्या भटांचे. बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली शाहू महाराजांकडून पेशवाई मिळाली आणि ती त्यांच्या वंशात राहिली.

म्हणून जुन्या पत्रात ‘नाना’ हा शब्द भेटला की अभ्यासकाने प्रथम पत्राचा काळ पाहावा. १७६० च्या पत्रातील नाना हे बहुधा पेशवे बाळाजी बाजीराव. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईच्या वेळचे नाना म्हणजे फडणीस. १८५७ च्या धामधुमीतील नाना हे बिठूरचे धोंडोपंत. पहिल्या दोघांचे तर मूळ नावही एकच, बाळाजी. केवळ पित्याच्या नावाने ते वेगळे ओळखावे लागतात. येथे मोठे अक्षर असते तरी ते हा उलगडा करू शकले नसते. आणि काळाकडे दुर्लक्ष झाले, तर एकाच्या मसलतीचे श्रेय अथवा दोष दुसऱ्याच्या माथी बसण्याचा धोका असतो.

गावगाड्यातही हेच घडले. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही सारी कामाची नावे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. महाराष्ट्रात महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. दप्तर गेले, वतनाचा हक्क गेला, आडनाव मात्र राहिले. आज दिल्लीत किंवा इंदुरात एखादे कुलकर्णी भेटले, तर ते कोणत्या गावचे दप्तर राखतात असे कोणी विचारीत नाही. परंतु त्याच आडनावाचा शब्द दोनशे वर्षांपूर्वीच्या महजरात आला, तर तो हुद्दा की नाव, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या कागदाचा अर्थ लावता येत नाही.