दोन पाळ्यांमधला वेळ

कामाचे तास किती, हे आपण पुष्कळदा विचारले. काम सुटल्यापासून पुन्हा कामावर उभे राहीपर्यंतचा वेळ कुणाचा, हे मात्र क्वचितच विचारले. वास्तविक आपल्या माणसांचा हा सर्वांत जुना प्रश्न आहे.

महार वतनाचेच पाहा. वतनदार महार चोवीस तास सरकारी कामाला बांधलेला. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी धरून नेत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागे ही तक्रार होती. आज जो पालघर जिल्हा आहे त्यातल्या डहाणू-तलासरी भागात वारल्यांच्या मानेवर सावकार-जमीनदारांची वेठ होती. बोलावणे आले की आपले शेत टाकून जायचे. १९४५ साली वारल्यांनी ती मोडली. त्या लढ्यातले शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले, असे आपण जयंतीच्या भाषणांत म्हणतो. ते खरे नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ठरले होते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली ते ४८ झाले. खरे आहे तेवढेही थोडे नाही.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाचे ९ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरून एकूण साडेदहा तास, असे सगळे मोजले. स्त्री कामगारांची पाळी साप्ताहिक सुटीनंतरच बदलावी, हेही लिहिले. पण दोन पाळ्यांमध्ये सलग इतके तास मोकळे, असे सर्व कामगारांसाठी कलम लिहिले नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ते होते : सलग ९ तास. ड्रायव्हरला डुलकी लागली तर उतारू मरतात म्हणून? मग तारापूरच्या रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या डुलकीने कोण मरते?

बोईसरला मी कंत्राटी कामगार होतो. रात्रपाळी सकाळी सातला सुटे. बदली आला नाही की 'डबल कर'. दुपारी तीनला सुटायचे, रात्री अकराला पुन्हा हजर. खोली गाठून, पाणी भरून, भाकरी खाऊन झोप उरे ती चार-पाच तासांची. हजेरीपटावर दुसरी पाळी भलत्याच नावावर लागे, म्हणजे जादा कामाचे दुप्पट पैसेही गेले. वतनात एकाच्या नावावर दुसरा राबे. इथे दुसऱ्याच्या नावावर मीच राबलो.

युरोपात १९९३ पासून दिवसाकाठी सलग ११ तास विश्रांतीचा नियम आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. तिने आठ तास लिहिले, पण मधली विश्रांती सरकारच्या अधिसूचनेवर सोडली.

मध्यंतरी एका मागणीपत्रकात मी 'दोन पाळ्यांत सलग अकरा तास' असे पहिल्या क्रमांकावर लिहिले. एक जुने साथी म्हणाले, "आधी पगार लिही." मी ते दुसऱ्या क्रमांकावर घेतले. खोडले नाही.