असीरगडचे मनोयुद्ध

विज्ञानकथांच्या वाङ्मयात एक कल्पना वारंवार भेटते. दोन खेळाडू समोरासमोर बसतात. त्यांच्या हातांत शस्त्र नसते आणि अंगावर चिलखतही नसते. एकाने दुसऱ्याच्या मनात शिरावयाचे, तेथे भयाचे एखादे चित्र उभे करावयाचे आणि ते चित्र खरेच आहे असे त्याला वाटावयास लावावयाचे, एवढाच काय तो डाव. ज्याचे मन आधी ढळते तो हरतो. आणि पुष्कळदा हरणारा पटावरून जिवंत उठत नाही. ही कल्पना भावी यंत्रयुगाची म्हणून वाचली जात असली, तरी तिचे मर्म फार जुने आहे. चारशे वर्षांपूर्वी, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, असीरगडाच्या पायथ्याशी असाच एक डाव मांडला गेला होता.

उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी वाट सातपुड्याच्या ज्या खिंडीतून येते, तिच्यावर हा गड उभा आहे. पायथ्यापासून त्याची उंची अडीचशे मीटरांच्या आसपास भरते आणि एकाच्या वर एक अशी त्याची तीन तटबंदीची अंगे आहेत. माथ्यावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजूनही पूजेस येतो, अशी भोवतालच्या मुलखात श्रद्धा आहे. जुन्या काळी या गडाला दख्खनचे द्वार म्हणत. ज्याच्या हाती असीर, त्याच्या हाती खानदेश, हे साधे गणित होते.

फारुकी घराण्याने हा गड मिळविला तोदेखील तलवारीच्या जोरावर नव्हे. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी की, पंधराव्या शतकाच्या आरंभी येथे आसा अहीर नावाचा धनाढ्य गवळी राजा होता. नासिरखान फारुकीने आपल्यावर संकट आल्याचे सांगून, आपल्या जनान्यास गडावर आश्रय द्यावा अशी त्याला विनंती केली. आसाने मोठ्या मनाने होकार दिला. मेणे गडावर चढले. त्यांतून शस्त्रधारी शिपाई उतरले आणि स्वागतास आलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला. याच नासिरखानाने पुढे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसविले. गडाचा पहिला धडा असा विश्वासघाताचा होता, आणि दोनशे वर्षांनी तोच धडा फारुकींनाच गिरवावा लागला.

राजा अलीखान फारुकी हा जाणता आणि सावध राज्यकर्ता होता. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. त्यावर विक्रम संवत् १६४६ आणि शके १५११ हे काळ आहेत. तो अकबराचा मांडलिक होऊन राहिला आणि १५९७ साली गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला. त्या रात्री तो शत्रूस मिळाला असावा, अशा संशयाने मोगल सैन्याने त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रणात सापडले. त्याचा मुलगा बहादुरखान गादीवर आला तो ही आठवण घेऊनच. पुढे शाहजादा दानियाल बुऱ्हाणपुरावरून गेला, तेव्हा बहादुर गडाखाली उतरून त्याच्या भेटीस आला नाही. अकबराला तेवढे कारण पुरे झाले. १६०० सालच्या उन्हाळ्यारंभी बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला.

अकबर हा माणसांची मने वाचण्यात किती रस घेई, याचा एक दाखला अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त दिला आहे. दरबारात चौपड, म्हणजे सोंगट्यांचा खेळ, मांडला जाई. कधी कधी दोनशेहून अधिक माणसे खेळात असत. सोळा डाव पुरे केल्यावाचून कोणास घरी जाण्याची मुभा नसे आणि खेळ तीन तीन महिने लांबे. जो अधीर होईल त्यास शिक्षा म्हणून मद्याचा पेला घ्यावा लागे. वरवर पाहता हा निव्वळ खेळ. परंतु बादशहा त्यात माणसांचे गुण जोखतो, असे अबुल फजल स्पष्ट लिहितो. कोण किती वेळ धीर धरू शकतो आणि कोण कोठे खचतो, हे पाहण्याची ज्याला सवय, तो माणूस आता असीरच्या पायथ्याशी बसला होता. अबुल फजलही या मोहिमेत होता.

गड सर करणे सोपे नव्हते. दारूगोळा, धान्य आणि पाणी यांची वाण नव्हती आणि मोगलांपाशी या तटांना पुरी पडेल अशी मोठी तोफ नव्हती. छावणीत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. पोर्तुगीजांकडून तोफा मागवून द्याव्या, असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने आपल्या धर्माला ते मान्य नाही असे म्हणून नकार दिला. बादशहा त्याच्यावर रुष्ट झाला. त्याच सुमारास शाहजादा सलीम याने उत्तरेत बंडाचे निशाण उभारले. अकबराला आता परतण्याची घाई होती. पण ती घाई चेहऱ्यावर दिसू देणे म्हणजे डाव हरणे होते.

गडावर मात्र निराळेच काही घडत होते. वेढा पडणार म्हणून सैन्याखेरीज कितीतरी माणसे आणि गुरेढोरे आत घेण्यात आली होती. दाटी झाली, जनावरे मरू लागली, रोगराई पसरली. तेवढ्यात एक वदंता उठली. अकबर बादशहा मंत्रविद्येने किल्ले घेतो, त्याच्या छावणीत त्यासाठीच मांत्रिक आणलेले आहेत आणि गडावरील मरी ही त्यांचीच करणी आहे, असे लोक बोलू लागले. फिरिश्ता लिहितो की, बहादुरखानाचाही यावर विश्वास बसला. त्याने मेलेली जनावरे बाहेर टाकविली नाहीत, रोग्यांची सोय केली नाही, निरुपयोगी माणसांना गडाखाली पाठविले नाही. करणीपुढे माणसाने काय करावयाचे, असे म्हणून तो स्वस्थ बसला. शिपाई थकले, पहारे ढिले पडले आणि मोगलांनी खालचा मालीगड जिंकून घेतला. फिरिश्ता हा विजापूरच्या दरबाराचा माणूस होता. तेथील राजकन्या दानियालला देण्यात आली तेव्हा, १६०४ साली, वऱ्हाडी मंडळींबरोबर तो बुऱ्हाणपुरास येऊन गेला होता. मोगलांची तरफदारी करण्याचे त्याला कारण नव्हते.

या हकीकतीतच मनोयुद्धाचे सारे रहस्य साठवले आहे. अकबरापाशी मंत्रशक्ती असण्याची गरज नव्हती. ती आहे, असे बहादुरला वाटणे पुरेसे होते. मृत जनावर उचलण्यास मांत्रिक लागत नाही, चार गडी लागतात. पण भयाने ग्रासलेल्या मनाला ते चार गडी दिसत नाहीत.

शेवटचा डाव शब्दाचा झाला. १६०० साल संपण्यापूर्वी बहादुरखान गडाखाली उतरला. तो कसा उतरला, याविषयी दोन बाजू दोन गोष्टी सांगतात. मोगल लेखकांच्या मते तो शरण आला. जेझुइटांच्या वृत्तांतानुसार अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ वाहून त्याला परत जाऊ देण्याचे वचन दिले होते. बहादुर गळ्यात शरणागतीचे वस्त्र घालून आला, त्याने तीन वेळा मुजरा केला, आणि एका सरदाराने त्याची मान धरून त्याला भुईवर लोटले. अकबर मात्र पुतळ्यासारखा निश्चल बसून होता. व्हिन्सेंट स्मिथ या आयरिश इतिहासकाराने ही दुसरी बाजू ग्राह्य मानली. पेन या अभ्यासकाने पुढे तिच्यावर आक्षेप घेतले. एवढे मात्र उभयपक्षी मान्य आहे की, बहादुर खाली आला तो पुन्हा वर गेला नाही, आणि तरीही गड पडला नाही.

कारण गडावर एक वृद्ध हबशी सरदार होता. त्याचा मुलगा मुकर्रबखान छावणीत आला होता, तो या प्रकरणात प्राणास मुकला. त्याच्या मृत्यूच्याही दोन कथा आहेत. राजा कैदेत आणि मुलगा गेलेला, अशा स्थितीत त्या म्हाताऱ्याने गड स्वाधीन करण्यापेक्षा स्वतःचा अंत करून घेणे पत्करले. त्याच्यामागे उरलेल्या सरदारांची मने, जेझुइटांच्या म्हणण्याप्रमाणे, सोन्यारुप्याने फोडण्यात आली. १६०१ च्या जानेवारीत दरवाजे उघडले. दोनशे वर्षांचे फारुकी राज्य संपले आणि बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. दानियालच्या नावावरून खानदेशाचे दानदेश असे नामकरण झाले. परंतु जेत्यांचेही पुढे बरे झाले नाही. अबुल फजल १६०२ साली दख्खनेतून परतताना सलीमच्या चिथावणीने मारला गेला आणि १६०५ साली दानियाल बुऱ्हाणपुरातच मद्यपानाने मरण पावला.

मराठी वाचकाला या गडाची ओळख आहे ती आणखी एका डावामुळे. १८१८ च्या मे महिनाअखेर दुसरा बाजीराव पेशवा असीरगडाजवळ धुळकोट येथे तळ देऊन होता. १ जूनला सर जॉन माल्कम त्याला भेटला. बाजीरावाने आर्जवे करून पाहिली, वेळ काढून पाहिली. माल्कमने वर्षाकाठी आठ लाखांचे वेतन देऊ केले आणि मुदत घालून दिली. बाजीरावाची फौज अजून उभी होती आणि पाठीशी असीरसारखा गड होता; पण ३ जूनला तो इंग्रजांच्या छावणीत आला. गड त्याच्यानंतरही टिकला. शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने तो इंग्रजांस दिला नाही, आणि १८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये तोफा लावूनच तो घ्यावा लागला. पेशव्याच्या आज्ञेप्रमाणे वागावे, असे दौलतराव शिंद्यांचे पत्र तेव्हा गडावर सापडले. उघड एक बोलावयाचे आणि आतून दुसरेच लिहावयाचे, हा डाव शिंद्यांच्या अंगावर उलटला. असीरगड त्यांना परत मिळाला नाही.

मन मनाला दुरून इजा करू शकते काय, हा प्रश्न विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी आणि सैन्यांनीही विचारला. अतींद्रिय शक्तीचा हेरगिरीस उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने सुमारे वीस वर्षे आणि दोन कोटी डॉलर खर्च केले. उपयुक्त असे काही हाती न लागल्याने १९९५ साली तो उद्योग बंद केला. दुसरीकडे, हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९४२ साली करणीच्या भयाने मृत्यू पावलेल्या माणसांच्या हकीकती तपासल्या. जादूत शक्ती नसली तरी दीर्घकाळ टिकणारे तीव्र भय रक्ताभिसरणच कोलमडून टाकू शकते, असा तर्क त्याने मांडला. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले म्हणजे असीरगडावर काय घडले याचा उलगडा होतो. वार बाहेरून येतो असे वाटते. तो होतो आतून.

विज्ञानकथेतील खेळाडूला समोरच्याच्या मनात शिरण्यासाठी विलक्षण सामर्थ्य लागते. इतिहासात त्यासाठी एक अफवा, एक मुदत किंवा एक शपथ पुरली आहे. बहादुरखानापाशी तट होते, तोफा होत्या, अन्नपाणी होते. त्याच्या प्रतिस्पर्ध्याला घरी परतण्याची त्याच्याहून अधिक घाई होती, हे त्याने चौकशी केली असती तर त्याला कळू शकले असते. त्याने रोज सकाळी गडावरील घाण काढविली असती, पहारे तपासले असते आणि छावणीतून येणाऱ्या बातम्यांची शहानिशा केली असती, तर वदंतेला उभे राहण्यास जागाच मिळाली नसती. ही कामे अगदी सामान्य आहेत. पण वेढ्यात सापडलेल्या माणसाचे मन शाबूत राहते ते त्यांच्याच आधाराने. असीरचे तट आजही पुष्कळसे उभे आहेत आणि खंडव्याहून बुऱ्हाणपुराकडे येणाऱ्या वाटसरूला ते दुरून दिसतात. त्या तटांनी आपले काम चोख बजावले होते. ढळले ते त्यांच्या आतले मन.